दाजी, घोडी आणि पुढे गेलेली तारीख

वाट बघण्याच्या कामात आमच्या थोरल्या साडूंचा हात धरील असा माणूस उभ्या नगर जिल्ह्यात सापडणार नाही. पाट्यांवर आता अहिल्यानगर लिहिलेलं असतं, पण माझ्या तोंडातलं नगर जाता जात नाही, त्याला मी काय करू? तर हे आमचे साडू. इतर माणसं नाइलाज म्हणून वाट बघतात, हे चवीनं बघतात. एस.टी. सकाळची असली की हे उजाडायच्या आत स्टँडवरच्या बाकावर जाऊन बसणार. कुणी नुसतं बोलायचं म्हणून ‘येऊन जाईन एकदा तुमच्याकडं’ असं बोललं, की त्या संध्याकाळपासून हे धुतलेला सदरा घालून अंगणात खाटेवर बसणार, आणि तो माणूस नाही आला तरी त्याच्याबद्दल वाईट बोलणार नाहीत. खुद्द त्यांच्या लग्नात बँडवाले कुठंतरी अडकले आणि मुहूर्त टळून गेला. मांडवात नुसता आरडाओरडा चालला होता. नवरदेव मात्र अंतरपाटाच्या अलीकडं हार धरून जसेच्या तसे उभे. ‘मला वाटलं, हुब्यानं झोप लागली यांना,’ असं माझी मेव्हणी, म्हणजे आमची अक्का, अजून सांगते. हे सगळं ते अतिशय दुःखी चेहऱ्यानं करतात. हसताना त्यांना मी पाहिलेलं आहे, नाही असं नाही, पण तेव्हाही समोरच्याला वाटतं, यांचं काहीतरी दुखतंय.

बायको त्यांना दाजी म्हणते म्हणून मीही दाजीच म्हणतो. ते मला पाव्हनं म्हणतात. नगरला माझं चहापत्तीचं दुकान आहे आणि दाजींचं घर देवळाली प्रवऱ्याला. महिन्या-दोन महिन्यातून एखाद्या रविवारी आम्ही जोडीनं तिकडं जातो, जाताना मी अर्धा किलो चहाची पुडी नेतो आणि दाजी ती हुंगून म्हणतात, ‘मागल्या टायमाची बरी हुती.’ हे ते कायम म्हणतात. एकदा मी मुद्दाम मागच्यातलीच उरलेली पत्ती नेली. तीही हुंगून तेच म्हणाले. तेव्हापासून मी त्यांच्याशी चहाबद्दल वाद घालत नाही.

वाट बघण्याची ही विद्या त्यांच्या अंगी नोकरीनं आणली असावी. दाजी एका साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात चिटबॉय होते. मिशा पांढऱ्या झाल्या, नातवंडं झाली, तरी हुद्दा चिटबॉयच. ऊस कुणाचा, कधी लावला, किती क्षेत्र, याच्या नोंदी घ्यायच्या. ऊस पिकत आला की रसाची गोडी तपासायला नमुना काढायचा. आणि मग तोडीची चिठ्ठी शेतकऱ्याच्या हातात द्यायची, की बाबा अमुक दिवशी तुझ्या रानात ऊसतोडणीची टोळी येईल. वाचायला हे फार सोपं वाटतं. प्रत्यक्षात टोळी त्या दिवशी कधीच येत नाही. कुठं गाडी फसलेली असते, कुठं पाऊस झालेला असतो, कुठं कारखानाच बंद पडलेला असतो. इकडं उसाला तुरे येतात, वजन घटत जातं, आणि शेतकऱ्याला सगळ्या व्यवस्थेतला एकच माणूस तोंडानं ओळखीचा असतो, तो म्हणजे आमचे दाजी. हंगामात त्यांना लग्नाच्या पंगतीत बसणं मुश्कील व्हायचं. वाढणारा बुंदी वाढता वाढता हळूच विचारायचा, ‘आमची तोड कधी?’ एकदा तर दहाव्याच्या कार्यक्रमाला गेले असताना, सगळी मंडळी कावळा शिवायची वाट बघत बसलेली, तेवढ्यात मागून कुणीतरी त्यांच्या कानाशी लागलंच. दाजी म्हणाले, ‘आधी ह्याची वाट बघू, मग तुमची.’

पण त्यांचा एक नियम होता, आणि त्या नियमापायी त्यांनी दोन सायकली आणि एक लूना झिजवली. नवी तारीख द्यायची असेल तर ते कुणाच्याही हाती निरोप धाडत; पुढं मोबाईल आल्यावर फोन करत. तारीख पुढं गेली तर मात्र स्वतः जायचे. भर उन्हात, चिखलात, उसाच्या सरीतून वाट काढत त्या माणसाच्या बांधावर जायचे आणि तोंडानं सांगायचे. ‘तारीख द्यायची आसंल तर फोनवर द्यावी,’ ते म्हणायचे, ‘काढून घ्यायची आसंल तर मानसानं सोता जावं.’ शिव्या खाव्या लागत त्या तिथं उभं राहून खायचे. खात्यातले बाकीचे त्यांना वेड्यात काढत. एक म्हातारी होती म्हणे, नवरा गेलेला, पाटाच्या शेवटाला तिचं रान. तिची तारीख दर हंगामाला हटकून पुढं जायची. दाजी सांगतात, ‘मी लांबनं येताना दिसलो की ती चुलीवर आधन ठेवायची. मी काय बोलायच्या आदीच म्हनायची, पुढं गेली व्हय? बस, च्या पी, तुझा काय दोष. लई लाज वाटायची वो मला. शिवी परवडली.’ ही म्हातारीची गोष्ट मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकली आहे, की तिच्या चहाला धुराचा वास यायचा हेसुद्धा मला पाठ आहे.

निवृत्त झाल्यावर दाजींना कुणी तारीख विचारेना. माणूस सुटला म्हणावं, तर ते आजारी पडल्यासारखे दिसायला लागले. त्याच सुमारास त्यांचा मुलगा नोकरीसाठी बंगळूरला गेला आणि जाताना टीव्हीला जोडायचा त्याचा गेमचा डबा घरीच राहिला. दाजी रोज तो फडक्यानं पुसत. पुसता पुसता एक दिवस तो चालू झाला, आणि आमच्या साडूंचं दुसरं आयुष्य सुरू झालं असंच म्हणायला हवं. मला ह्या प्रकारातलं फार कळत नाही. मला कळलं ते एवढंच, की ह्यात नुसतं धडाधड मारायचं नसतं. आपण एका वाटसरूचं सोंग घ्यायचं, मोठ्या थोरल्या मुलखातून हिंडायचं, लोकांशी बोलायचं, आणि बोलताना पडद्यावर दोन-तीन उत्तरं येतात त्यातलं एक निवडायचं. जे निवडाल तसं पुढचं घडतं. दाजी मुलाला फोनवर एकेका शब्दाचा अर्थ विचारत, आणि तो कंटाळला की मला. दुसरे लोक जो गेम पंधरा दिवसात संपवतात तो त्यांना दीड-दोन वर्षं पुरला, कारण दाजी कुणालाही नाही म्हणत नसत. कुणा म्हातारीची बकरी हरवली, शोधून दे. कुणाची विहीर आटली, बघून ये. राजकन्या तिकडं कैदेत पडलेली आणि हे बकऱ्या हुडकतायत. अक्का म्हणायची, ‘घरची शेरडं कधी वळली न्हाईत, आन हितं बगा.’

एकदा त्या मुलखातल्या एका उपाशी गावानं त्यांना विचारलं, की धान्याच्या गाड्या कधी येणार? पडद्यावर उत्तरं आली: उद्या येतील, मला माहीत नाही, गप्प राहा. दाजींनी हातातलं यंत्र खाली ठेवलं आणि उठून अंगणात गेले ते जेवायलाच आत आले. दोन दिवस त्या गावाकडं फिरकले नाहीत. शेवटी ‘मला माहीत नाही’ दाबलं, तेही अक्काला दाबायला लावलं.

ह्या गेममध्ये वाटसरूची एक घोडी होती. पांढरट, एका कानाला खांड असलेली. दाजींचा तिच्यावर जीव. चढ लागला की ते खाली उतरून चालत, खेळात तसं करायची काही गरज नसताना. तिच्यापायी एकदा मला घोडेगावच्या बाजाराला घेऊन गेले, आणि म्हशींच्या दावणींमधून हिंडत येईल त्या व्यापाऱ्याला विचारत होते, की दमलेली घोडी कोणत्या पायावर भार देऊन उभी राहते. व्यापाऱ्यांना वाटलं मोठं गिऱ्हाईक आलं. दोघांनी तर आम्हाला चहा पाजला. तर ह्या गेमचा शेवट असा, की नदी पार करून जायचं आहे आणि होडीत घोडीला जागा नाही. काठावर तिचा निरोप घ्यायचा. तिथंही पडद्यावर उत्तरं आली, आणि ज्या माणसानं उपाशी गावाला ‘उद्या’ म्हटलं नाही, त्यानं तिथं ‘मी परत येईन’ हे दाबलं. होडी निघाली, घोडी काठावर उभी राहिली, आणि गेम संपला. दाजींच्या डोळ्यात पाणी होतं असं अक्का म्हणते. दाजी म्हणतात, डोळ्यांचं दुखणं तेव्हापासूनच सुरू झालं असेल.

ह्या गेमचा दुसरा भाग निघणार अशी बातमी आली तेव्हा दाजींना पुन्हा तारीख मिळाली. तीही दुसऱ्या कुणाची नव्हे, स्वतःची. मोबाईलवर ह्या गेमच्या मराठी चाहत्यांचा एक ग्रुप होता. संगमनेरपासून चंद्रपूरपर्यंतची पोरं त्यात, सगळी विशी-पंचविशीची. मुलानं दाजींना त्यात घातलं आणि दाजींनी मला ओढलं. ग्रुपवर दिवसभर एकच चर्चा: कधी येणार? दाजींना टाईप करायला जमत नसे, ते बोलून लिहीत, त्यामुळं मजकुरात मधूनच अक्काचं ‘पाटात पाणी आलंय का बगा’ वगैरे उमटायचं. पोरांना तो गुप्त इशारा वाटायचा. त्यांचं वय कुणाला माहीत नव्हतं. सगळे त्यांना भावा म्हणत. ‘भावा, तुझा अंदाज काय?’ असा प्रश्न आला की दाजी मला मुद्दाम फोन करून सांगत, ‘मला भावा म्हनत्यात पोरं.’ त्या दिवसांत त्यांचा आवाजसुद्धा मोकळा झाला होता.

तोवर डोळ्यांचं निदान झालेलं होतं. काचबिंदू. एक डोळा कळायच्या आतच गेल्यात जमा होता आणि दुसऱ्याची नजर कडांनी आत आत येत चालली होती. नगरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडं मीच घेऊन गेलो होतो. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, गेलेली नजर परत येत नाही, आहे ती धरून ठेवायची धडपड करायची. दाजींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘दिवाळीपत्तुर टिकंल का?’

‘का हो? घरात कार्य आहे का?’ डॉक्टरांनी विचारलं.

‘तसंच समजा,’ दाजी म्हणाले.

‘दिवाळीपर्यंत टीव्हीवरचं दिसायला हरकत नसावी. त्याच्या पुढचं मी सांगणार नाही.’

बाहेर आल्यावर मी खाली मान घालून रिक्षा शोधायला लागलो. दाजी मात्र खूश. ‘ह्यो मानूस आपल्या खात्यात पायजे हुता,’ म्हणाले, ‘उगा तारीखच देत न्हाई.’ मग रिक्षात बसल्यावर म्हणाले, ‘दिवाळीच्या आत आला म्हंजी झालं. पयलं चार-पाच दिसच लागत्याल. नदी वलांडून मागं जायाचं, घोडी बगायची. बाकीचं राज्य मग कुनीबी घिऊ दे.’ मी मान हलवली. मला त्या वेळी त्यांची फार दया आली, आणि त्यांचा रागही आला, की डोळे चालले आणि ह्यांना घोडी सुचते.

बारीक अक्षर त्यांना दिसेना तेव्हापासून वाचायचं काम माझ्याकडं आलं. मी दुकान उघडून उदबत्ती लावतोय न लावतोय तोच फोन. गेमवाल्या कंपनीनं परदेशातल्या पत्रकारांना बोलावून गेमचा सुरुवातीचा भाग खेळायला दिला होता. अमुक दिवसापर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही असा करार होता, आणि तो दिवस उजाडल्याबरोबर सगळ्यांचे लेख एकदम बाहेर पडले. मी एकेक लेख मराठीत करून फोनवर सांगायचो. समोर गिऱ्हाईकं खोळंबलेली. बसस्टँडजवळच्या एका हॉटेलवाल्यानं मला ‘तारीख जाहीर झालेली नाही, पण शरद ऋतूत अपेक्षित’ असं वाचताना ऐकलं आणि काळजीनं विचारलं, ‘शेट, कोर्टात काय अडकलंय का तुमचं?’

दाजी ते लेख तसेच तपासत जसा आयुष्यभर ऊस तपासला. ‘पावसाचं काय लिव्हलंय? भिजल्याली मानसं खरी दिसत्यात का?’ ‘घोडीचं नाव हाय का कुठं?’ घोडीचं नाव कुठंच नव्हतं. एका पत्रकारानं नदीचा उल्लेख केला होता, ते वाक्य मी त्यांना इतक्या वेळा वाचून दाखवलं की मला ते इंग्रजीतच पाठ झालं. आणि मग दाजींनी ग्रुपवर आपला निकाल दिला. पत्रकारांना खेळायला दिलं म्हणजे नमुना काढला. नमुना काढला की चिठ्ठी फार लांब नसते. तिकडचा शरद म्हणजे आपलं नवरात्र ते दिवाळी. तेव्हा कारखान्यात मोळी पडायच्या आत गेम घरात. पोरांना मोळी म्हणजे काय ते कळलं नाही, म्हणून दाजींनी गाळप हंगाम कसा सुरू होतो, गव्हाणीत उसाची पहिली मोळी कोण टाकतं, पूजा कशी होते हे सगळं सविस्तर बोलून पाठवलं. पोरं अगदी हरखली. कुणी सुट्टी टाकली, कुणी परीक्षेचा अभ्यास आधीच उरकायला घेतला. संगमनेरच्या एका पोरानं तेवढी शंका काढली, की भावा, त्यांनी सुरुवातीचाच भाग का दिला? मागचा तयार नसेल तर?

ही शंका दाजींना यायला हवी होती. त्यांनीच मला कितीदा सांगितलं होतं, की शेतकरी नमुन्याला नेहमी पाटाकडेचा ऊस पुढं करतो, चांगला पोसलेला, आणि त्यावरून आतल्या रानाचं काही कळत नाही. नमुना घ्यायचा तर रानाच्या पोटात शिरून घ्यावा. चिटबॉयनं करू नये अशी ही एकच चूक, आणि नोकरीत त्यांनी ती कधी केली नव्हती. मी फोनवर तसं म्हणालो.  दाजी म्हणाले, ‘म्हायती हाय वो मला. पन पाटाकडचा तरी चांगला हाय ना?’ त्यांना दिवाळीची घाई होती, दुसरं काय. 

नवरात्राच्या आधीचा एक बुधवार होता. मी दुकानाचं शटर वर केलं, मोबाईल उघडला, आणि कंपनीचं निवेदन समोर आलं. फार नम्र भाषा होती. चाहत्यांच्या प्रेमाबद्दल आभार, गेमला आणखी सफाई द्यायची आहे, म्हणून तो आता पुढच्या वर्षी. पुढच्या वर्षी कधी, ते नव्हतं. मी ते दोनदा वाचलं. तेवढ्यात दाजींचा फोन वाजायला लागला, रोजच्या वेळेला, रोजच्यासारखा. उचलला असता तर एका वाक्यात काम झालं असतं. मला नाही उचलवला. मी शटर परत खाली ओढलं आणि रिकाम्या हातांनी स्टँडकडं निघालो.

गाडीत बसल्यावर लक्षात आलं, की ग्रुपवरचं कुणीतरी त्यांना फोन करेल. आजवर त्या ग्रुपवर मी एक अक्षर लिहिलं नव्हतं. तेव्हा पहिल्यांदा लिहिलं, की ज्यांना तुम्ही भावा म्हणता ते माझे साडू आहेत, निवृत्त माणूस आहे, नजर जात चालली आहे, दिवाळीच्या आशेवर होते. मी स्वतः सांगायला निघालोय, तोवर कुणी त्यांना फोन करू नका.   मग संगमनेरच्या त्याच पोराचा मजकूर आला, ‘काकांना हळू सांगा.’

नगर-मनमाड रस्त्याला मी आयुष्यभर नावं ठेवत आलोय. त्या दिवशी मात्र वाटत होतं, आणखी खड्डे लागू देत, गाडी आणखी रेंगाळू दे. राहुरी गेली, दोन्ही बाजूंना ऊस सुरू झाला, उभा, हिरवागार, तोडीला आलेला. मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होतो. थोडंच पुढं गेलंय म्हणावं? की नक्की नाही अजून, असं म्हणावं? दाजी हे काम वर्षानुवर्षं रोज कसं करत असतील हे मला त्या गाडीत पहिल्यांदा कळलं, आणि त्यांच्या त्या दोन सायकली आणि लूनाला मी किती हसलो होतो तेही आठवलं.

फाट्यावर उतरून चालत घरापाशी पोचलो. दाजी अंगणात खाटेवर बसलेले होते, फाटकाकडं तोंड करून, फोन मांडीवर. त्यांना तोवर समोरचं तेवढंच दिसायचं, नळीतून बघितल्यासारखं. फाटक वाजल्यावर त्यांनी मान जरा इकडं तिकडं करून मला त्या नळीत पकडलं. बुधवार होता. बायको बरोबर नव्हती. हातात चहाची पुडी नव्हती. मी तिथंच उभा राहिलो. 

दाजींनी माझ्यावरची नजर काढली आणि घराकडं तोंड वळवून हाक मारली, ‘अगं, च्याचं आधन ठेव.’

‘आत्ता तर झाला की तुमचा च्या,’ आतून अक्का म्हणाली.

‘ठेव म्हनलं ना.’ मग मला म्हणाले, ‘बसा पाव्हनं. उनाचं आलात. तुमचा काय दोष.’

मी खाटेवर बसलो आणि मला रडू आलं. साठीकडं झुकलेला माणूस मी, एका खोट्या घोडीपायी साडूच्या अंगणात रडत होतो. दाजींनी मला रडू दिलं. मग विचारलं, ‘किती पुढं?’

‘पुढच्या वर्षी म्हणतात.’

‘साल म्हंजी…’ असं म्हणून त्यांनी उजवा हात डोळ्यांसमोर धरला आणि हळूहळू बाजूला नेला, हात कुठं दिसेनासा होतो ते बघितल्यासारखं. फार लांब न्यावा लागला नाही. हात परत मांडीवर ठेवून म्हणाले, ‘घोडीचं काय न्हाई. तिला कुठं भूक लागती.’

अक्का चहा घेऊन आली. माझ्याकडं बघितलं, त्यांच्याकडं बघितलं, आणि दाजींच्या पायाशी बसली. चहा माझ्याच दुकानातला होता. दाजींनी कप हुंगला. मी वाट बघत होतो. ते काहीच म्हणाले नाहीत, मुकाट्यानं प्यायले. तेवढ्यानंच मला कळलं, की माणूस आतून किती मोडलाय.

कप खाली ठेवल्यावर त्यांनी मोबाईल माझ्या हातात दिला. ‘पोरं लई हिरमुसली आसत्याल. माझ्या शब्दावर सुट्ट्या टाकल्यात त्यांनी. एकेकाला लावून द्या.’ मी म्हणालो, ‘दाजी, त्यांना कळलंय सगळं, बातमी सगळीकडं आली आहे.’ ते म्हणाले, ‘कळलं आसंल. तारीख मी दिली हुती. आता येवढ्या लांब सोता जाता येत न्हाई, म्हनून फोन. न्हाईतर गेलो आसतो.’ मग त्या दुपारभर मी नंबर लावत राहिलो आणि ते बोलत राहिले, संगमनेर, सातारा, अकोला, चंद्रपूर. ‘चुकलं माझं. नमुना पाटाकडचा हुता. अभ्यास करा, येईल तवा येईल.’ पलीकडून पोरं काका काका करत होती. भावा म्हणणारा एकही उरला नव्हता.

दिवाळी होऊन गेली, मोळी पडली. आता आम्ही दर रविवारी जातो. दाजी मला जुनाच गेम लावायला सांगतात. थोडं दिसत होतं तेव्हाच त्यांनी तो शेवटापासून मागं नेऊन एका जागी थांबवून ठेवलाय. नदीचा काठ, होडी लागलेली, घोडी शेजारी उभी. त्यांना आता त्यातलं उजेडाशिवाय काही दिसत नाही. पाणी ऐकू येतं, मधूनच घोडी फुरफुरते ते ऐकू येतं. निरोपाची उत्तरं पडद्यावर येऊन थांबतात आणि मी ती दर वेळेसारखी वाचून दाखवतो: मी परत येईन; जातो; काहीच बोलू नको. दाजी यंत्र हातात धरून थोडा वेळ बसतात, अंगठा बटणावर असतो. मग म्हणतात, ‘ऱ्हाऊ द्या पाव्हनं, आज नगं.’ अक्का आत आधण ठेवते, आणि चहा येईपर्यंत आम्ही दोघं त्या काठावर बसून राहतो.